खेळ चालू असताना ताईने काय करायचं

जूनमध्ये बालवाडीत किंवा शिशुवर्गात रुजू होणाऱ्या मुली मला दरवर्षी भेटतात. कोर्स झालेला असतो, टाचणवही (पाठाच्या आखणीची वही) कव्हर घालून तयार असते, फ्रोबेल आणि माँटेसरी हे बालशिक्षणतज्ज्ञ तोंडपाठ असतात. खेळातून शिक्षण का द्यायचं, हे त्यांना पटवावं लागत नाही. अडतं ते पुढे. मुलं खेळायला बसली की मी नेमकं काय करू, हे त्या जरा दबक्या आवाजात विचारतात, कारण एवढा कोर्स करून हे विचारायचं कसं, असं त्यांना वाटतं. विचारा. मला हे कुणी धड सांगितलं नव्हतं आणि त्यापायी माझी सुरुवातीची वर्षं फार दमवणारी गेली. अजूनही एखाद्या सकाळी सगळं फिसकटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

व्याख्या थोडक्यात. २०२२ साली पायाभूत स्तराचा (वय तीन ते आठ) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात खेळाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मुक्त खेळात सगळं मूल ठरवतं. संरचित खेळ ताई ठरवते आणि मुलं त्यात भाग घेतात. मार्गदर्शित खेळ या दोन्हींच्या मधला: खेळ मुलाचाच, पण ताईच्या मनात त्यामागे काही हेतू असतो आणि ती आधार देते. मुलाखतीत एवढं सांगता आलं तर पुरे.

वर्गात मात्र हा मधला प्रकार सारखा कुठेतरी घसरतो. कोपऱ्यात ठोकळे ओतून ताई हजेरीपट भरत बसली की तो मुक्त खेळ झाला, टाचणात काहीही लिहा. मुक्त खेळ वाईट नाही, तो रोज हवाच, पण त्याला दुसरं नाव देऊ नका. आणि ताई खेळात शिरून बोलत सुटली की तो धडा झाला, फक्त सतरंजीवर बसून घेतलेला. पहिली घसरण लोकांच्या लगेच नजरेत येते. दुसरी कुणाला दिसत नाही, उलट तिचं कौतुक होतं. मी त्याच दुसऱ्या घसरणीत सापडले होते, आणि नव्या ताईंपैकी मेहनती, मनापासून काम करणाऱ्या ज्या असतात त्याच तिच्यात सापडतात. म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

आमची बालवाडी नाशिकच्या कामगार वस्तीतली. निम्मी घरं खानदेशातून आलेली. लग्नाला, सणाला, उन्हाळ्यात गावी जायचं म्हणजे एसटी. त्यामुळे बसचा खेळ आम्हाला कधी शिकवावा लागला नाही. मोठ्या गटातली मुलं आपणहून खुर्च्या एकामागे एक लावायची, पुढच्याच्या हातात स्टीलची ताटली, ते स्टिअरिंग. मागे एकजण कंडक्टर. तोंडानं डबल बेल, आणि गाडी धुळ्याला निघायची.

माझ्या टाचणात त्या आठवड्याचं उद्दिष्ट होतं, पाचपर्यंत वस्तू मोजणे. मी कौतुकानं प्रवासी होऊन बसले आणि सुरू झाले. ‘अरे वा, बस का? किती खुर्च्या आहेत रे? मोज बरं. पहिल्या खुर्चीवर कोण बसलंय? ड्रायव्हरच्या शर्टाचा रंग कोणता?’ ड्रायव्हरनं ताटली मांडीवर ठेवली, मागे वळून खुर्च्या मोजल्या, ‘पाच’ म्हणाला. मी शाब्बास म्हटलं. मग तो माझ्याकडे बघत राहिला, पुढचा प्रश्न कधी येतोय म्हणून. कंडक्टर खिडकीशी गेला. ताटली कुणी परत उचलली नाही.

त्या दिवशी मला यात काहीच खटकलं नव्हतं. मुलानं बरोबर उत्तर दिलं होतं, माझ्या वहीत खूण करता आली होती, आणि दारातून बघणाऱ्या मुख्याध्यापिका ‘छान चाललंय’ म्हणून गेल्या होत्या. हा सापळा असा असतो. सगळ्या खुणा बरोबरच्या दिसतात. मूल मोजत होतं, मी शिकवत होते, आम्ही खेळाच्या कोपऱ्यात होतो. फक्त खेळ संपला होता.

असं का होतं ते नीट बघा. बस चालवणाऱ्या मुलाच्या डोक्यात एक काम चालू असतं: गाडी धुळ्याला न्यायची. त्यात मधले थांबे आहेत, भांडणारे प्रवासी आहेत, खिडकीची जागा आहे. मी खुर्च्या मोजायला सांगते तेव्हा ते काम त्याला थांबवावं लागतं, कारण गाडी चालवण्यासाठी खुर्च्या मोजायची काही गरजच नाही. दुसरं म्हणजे, उत्तर मला माहीत आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. चार वर्षांच्या मुलालासुद्धा परीक्षेचा प्रश्न ओळखू येतो. मग तो खेळणारा राहत नाही, उत्तर देणारा होतो आणि माझ्या चेहऱ्याकडे बघू लागतो. तिसरं, अशा प्रश्नांना उत्तरं देणारी मुलं ठरलेली असतात. दोघं-तिघं चटपटीत मुलं उत्तरं देतात आणि आपल्याला वाटतं वर्गाला आलं. आणि चौथी गोष्ट मला फार उशिरा दिसली. ताई आली की प्रश्न येतात हे मुलांना कळलं की ताई जवळ आल्यावर मुलं खेळ पातळ करतात. भातुकलीत चाललेली कुजबुज थांबते. आपण जवळ गेल्यावर मुलं गप्प होत असतील तर ती लाजाळू आहेत असं समजू नका.

एलिझाबेथ बोनाविट्झ या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ सालचा एक प्रयोग मला यासाठी नेहमी आठवतो. पाइप जोडून केलेलं एक खेळणं, त्यात लपवलेल्या करामती बऱ्याच: एकीकडे आवाज निघतो, एकीकडे दिवा लागतो, एका नळीत आरसा. काही मुलांना मोठ्या माणसानं त्यातली एकच करामत ‘हे असं चालतं’ म्हणून शिकवली. बाकीच्यांना तसं शिकवलं नाही. शिकवलेली मुलं त्या खेळण्याशी कमी वेळ खेळली आणि बाकीच्या करामती त्यांना कमी सापडल्या. मुलांनी काही चूक केली नव्हती. ज्याला माहीत आहे त्यानं एवढंच दाखवलं, म्हणजे एवढंच असेल, असा सरळ अर्थ त्यांनी घेतला. आपण खेळात जाऊन एकाच गोष्टीवर बोट ठेवतो तेव्हा बाकी सगळ्यावर पडदा पडतो.

मग हेतू सोडून द्यायचा का? अजिबात नाही. हेतू तोंडात घ्यायचा नाही, मांडणीत घालायचा. या सगळ्या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. मार्गदर्शन आदल्या दिवशी संध्याकाळी होतं, वर्ग झाडून झाल्यावर, तुम्ही कोपऱ्यात काय ठेवता आणि काय उचलता यातून.

बसचाच खेळ पुन्हा घेऊ. मी जुन्या कॅलेंडरच्या पानांची तिकिटं कापली आणि चिंचोक्यांचे पैसे केले. एका पुठ्ठ्यावर थांबे काढले: चांदवडपाशी दोन ठिपके, मालेगावपाशी तीन, धुळ्यापाशी पाच. पुठ्ठा कंडक्टरच्या उंचीवर टांगला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनंच ठिपके ओळखले: जितके ठिपके, तितके चिंचोके. आता त्याला मोजावंच लागत होतं, कारण कमी चिंचोके घेतले तर मागचा प्रवासी आरडाओरडा करायचा. तीच पाचपर्यंतची मोजणी, पण आता तिचं त्याला काम पडलं होतं.

मीही गाडीत बसले. ‘चांदवडचं एक द्या, पोरगी मांडीवर आहे,’ एवढंच म्हणाले. कंडक्टर म्हणाला, ‘मांडीवरच्याला तिकीट नसतं. आणि तुम्ही बाई आहात, तुम्हाला अर्धं.’ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते मुलांनी आयांबरोबर जाताना बघितलेलं. दोनाचं अर्धं एक, ते त्यानं पटकन केलं. मग शेजारच्या मुलीनं मालेगावचं तिकीट मागितलं. तीन चिंचोके, त्याचं अर्धं? गाडी थांबली, पण यावेळी कुणी उठून गेलं नाही. एकजण म्हणाला चिंचोका फोडू. तो फुटेना. बरीच वादावादी झाली. शेवटी ती मुलगीच म्हणाली, ‘जाताना एक देते, येताना दोन देईन.’ कंडक्टरनं थोडा विचार केला आणि डबल बेल दिली.

अर्धं शिकवायचं माझ्या टाचणात कुठेच नव्हतं, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांना मी ते शिकवायलाही गेले नसते. त्या वादाच्या वेळी ओठ घट्ट मिटून बसणं ही माझ्यासाठी सगळ्यात अवघड गोष्ट होती. तुम्हालाही ते अवघड जाणार आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांमधली संभाषणं तपासली तेव्हा दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तो थांबा तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. तीन सेकंद वाचताना काहीच वाटत नाहीत. वर्गात गप्प राहून मोजून बघा, किती लांब वाटतात ते.

स्वतःचं बोलणं तपासायचा मला सापडलेला एकच भरवशाचा उपाय सांगते. फोन ॲप्रनच्या खिशात ठेवून दहा मिनिटं फक्त आवाज रेकॉर्ड करा. शाळेला सांगून करा, घरी गेल्यावर एकटीनं ऐका आणि पुसून टाका. मुलांचं नंतर ऐका, आधी स्वतःचं ऐका. कागदावर तीन रकाने पाडा: उत्तर मला आधीच माहीत होतं असे प्रश्न, सूचना, आणि बाकीचं बोलणं. पहिले दोन रकाने भरून वाहतील आणि तिसरा जवळजवळ कोरा राहील. वाईट वाटेल. वाटू द्या, पण त्यावर नोकरी सोडायचा विचार करू नका. हे ऐकून रडलेल्या ताया आज उत्तम काम करताहेत.

तिसऱ्या रकान्यात काय यायला हवं? जे दिसतंय ते साधं बोलून दाखवणं: ‘तुझा बुरूज माझ्या गुडघ्याएवढा झाला.’ खेळातल्या माणसासारखं काही मागणं: ‘डॉक्टर, माझं पोट दुखतंय, पण इंजेक्शन नको.’ एखादी अडचण मध्ये ठेवणं: ‘पाहुणे चार आले आणि वाट्या तीनच आहेत.’ आणि खरा प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही: ‘हे तू कसं उभं केलंस?’ प्रश्न विचारायला बंदी नाही. परीक्षा खेळाच्या मध्ये आणू नका एवढंच.

आता याच्या उलट बाजूनं सांगते, नाहीतर हे वाचून तुम्ही खांबासारख्या उभ्या राहाल. नुसतं गप्प राहणं म्हणजेही मार्गदर्शित खेळ नाही. केली फिशर या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना आकार शिकवून बघितले, तीन तऱ्हांनी. काहींना सरळ सांगून, काहींना आकारांशी मोकळं खेळू देऊन, आणि काहींना मार्गदर्शित खेळातून, ज्यात मूल आणि मोठं माणूस मिळून आकारांचं ‘गुपित’ शोधत होते. आकार कशानं ठरतो ही समज तिसऱ्या गटात सगळ्यात चांगली आली. मोकळं खेळणारा गट यात मागेच राहिला.

आमच्याकडे याचा अनुभव असा. भिंतीवरच्या तक्त्यातला त्रिकोण नेहमी एकाच ऐटीत बसलेला असतो, तिन्ही बाजू सारख्या, टोक वर. मी पुठ्ठ्याचे लांबुळके, चपटे, टोक खाली केलेले असे त्रिकोण कापून टोपलीत घातले. मुलं ते उचलायची आणि बाजूला टाकायची. ‘हा त्रिकोण नाही, हा पडलाय,’ एका मुलीचं म्हणणं. कितीही दिवस टोपली ठेवली असती तरी हे मत आपोआप बदललं नसतं. तिथे ताईनं बोलायलाच हवं. मी म्हटलं, ‘मला वाटतं हे सगळे एकाच घरातले आहेत. कशावरून म्हणते, शोधा.’ मग त्यांनी कोपरे बोटानं टोचून मोजले, बाजूंवरून बोट फिरवलं, एकानं ‘पडलेला’ त्रिकोण फिरवून उभा केला. चौकोन कुणी मध्ये घुसवला तर त्याला हाकलायलाही लागले. बोलायचं की नाही याचा माझा ठोकताळा आता असा आहे: खेळ पुढे सरकत असेल तर मी गप्प, एकाच जागी फिरत असेल तर एक वाक्य. एकच. मग परत गप्प.

आता पळवाटांबद्दल. रील बघून सजवलेला कोपरा, लॅमिनेट केलेली चित्रं, तयार ‘ॲक्टिव्हिटी किट’ यांत पैसे घालू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. किट वाईट असतात असं नाही. पण किटातल्या प्रत्येक वस्तूचं एकच काम ठरलेलं असतं, आणि ते काम झालं की मुलाचं खेळणं संपतं. नारळाची करवंटी आज वाटी, उद्या टोपी, परवा बेडूक. बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे १९५७ मध्ये त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ आदिवासी भागातल्या कोसबाडला गेल्या, तेव्हा महागडी साधनं आणणं शक्यच नव्हतं. बिया, दगड, पानं, शिंपले, माती यांवर त्यांची बालवाडी चालली, आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनीच पाड्यावरच्या अंगणात बालवाडी नेली. आज आपण जी साधनं ‘इको-फ्रेंडली’ म्हणून पाकिटातून विकत आणतो ती तिथे झाडाखाली पडलेली होती. मला याचा राग येतो, तो लपवत नाही.

छापील वर्कशीटबद्दल माझं मत याहून कडक आहे. मार्गदर्शित खेळ झाल्यावर ‘पुरावा’ म्हणून वर्कशीट भरून घेऊ नका. त्यानं मुलाला कळतं की खरं काम कागदावरचं होतं, आधीचा खेळ नुसता खाऊ होता. पुरावा हवा असेल तर एक छोटी डायरी गळ्यात अडकवा आणि मुलाचं वाक्य त्याच्याच शब्दांत टिपा, तारखेसह. ‘जाताना एक देते, येताना दोन देईन’ या एका वाक्यातून त्या मुलीचं गणित जेवढं कळतं, तेवढं भरलेल्या वर्कशीटच्या गठ्ठ्यातून कळणार नाही.

स्वतःसाठी मार्गदर्शक निवडताना एकच कसोटी लावा. ती व्यक्ती वर्गात आल्यावर खाली बसते का? दारात उभं राहून वर्ग ‘बघणाऱ्यांचा’ सल्ला नम्रपणे ऐका आणि सोडून द्या. एक दिवसाच्या कार्यशाळेतून प्रमाणपत्र मिळतं, डोळा तयार होत नाही. माझा डोळा तयार केला तो आमच्या मदतनीस मावशींनी. त्या खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता सांगायच्या, ‘ताई, तो ठोकळे घेत नाही, कारण ठोकळ्यांपाशी तुम्ही बसता.’ असं सांगणारं माणूस तुमच्या बालवाडीत नक्की असेल. बहुधा त्याच्या नावापुढे कुठलीही पदवी नसेल.

तीस मुलं आणि एक ताई, यात हे जमतं का? जमतं, पण सगळे कोपरे एकदम उघडू नका. सुरुवातीला तीनच. त्यातले दोन असे, जे मुलं तुमच्याशिवाय चालवू शकतात, उदाहरणार्थ भातुकली आणि ठोकळे. तिसऱ्यात तुम्ही बसा, आणि तोच कोपरा आठवडाभर तसाच ठेवा. रोज नवीन काहीतरी मांडायचा हट्ट सोडा. पहिल्या दिवशी मुलं वस्तू हाताळतात, दुसऱ्या दिवशी भांडतात, खरा खेळ त्यानंतर लागतो, आणि नेमकं तेव्हाच आपण कंटाळून मांडणी बदलतो. पहिल्या पंधरवड्यात गोंधळ होईल, आवाज शेजारच्या वर्गात जाईल. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

एका बाबतीत मात्र कसलीही सूट नाही. चिंचोके, वाल, गुंजा, मणी, बटणं मुलं नाकात आणि कानात घालतात. कधीतरी एखादं घालतं असं नाही, घालतातच. तीन वर्षांखालचं मूल वर्गात असेल तर या वस्तू नकोतच, आणि गुंजा तर कुठल्याच वयाला नकोत, त्या विषारी असतात. मोठ्या गटात मोजून द्या, मोजून घ्या, आणि हे मोजणं मुलांकडूनच करून घ्या. बटण सेल (बटणाएवढी गोल बॅटरी) असलेलं कुठलंही खेळणं वर्गात नको. पाण्याचा खेळ असेल तर टबापासून क्षणभरही हलू नका, कुणी पालक दारात आलं तरी, फोन वाजला तरी, मुख्याध्यापिकांनी बोलावलं तरी. हे मी समजावून सांगत नाही, बजावते आहे.

गप्प मुलांबद्दल थोडं. आमच्याकडे एक मुलगा प्रार्थनेच्या वेळी, गोष्टीच्या वेळी, कुठेच बोलायचा नाही. आई म्हणायची घरी तोंड मिटत नाही. भातुकलीच्या कोपऱ्यात तो आजी झाला आणि अस्सल अहिराणीत सगळ्यांना दटावू लागला. त्याला भाषा येत होती, वर्गाची येत नव्हती. तिथे ‘असं नाही, असं म्हणतात’ म्हणून प्रमाण मराठी घुसवलीत तर ती आजी पुन्हा दिसणार नाही. तुम्ही सून व्हा, तुमच्या मराठीत उत्तर द्या आणि त्याला त्याच्या भाषेत रागावू द्या. दोन्ही भाषा त्याच्या कानावर पडतात आणि त्याचा मानही राहतो. वारली, मालवणी, हिंदी, तेलुगू, घरची भाषा कुठलीही असो, हेच करा.

पालकांशी बोलण्यात नव्या ताई फार खचतात. ‘ताई, आज काय शिकवलं?’ आणि मूल सांगतं, ‘खेळलो.’ पुढच्या बैठकीला कुणीतरी म्हणणार, शेजारच्या इंग्लिश मीडियमची मुलं शंभरपर्यंत लिहितात. चिडू नका. ज्या आईनं दोन पाळ्यांमध्ये काम करून फी भरली आहे, तिला आपल्या पैशाचं काय झालं हे विचारायचा हक्क आहे. तिला मेंदूच्या विकासावर भाषण देऊ नका. तिच्याच मुलाची डायरीतली दोन वाक्यं वाचून दाखवा आणि त्यात मोजणी कुठे आहे, भाषा कुठे आहे ते बोट ठेवून सांगा. लिहिण्याबद्दल विचारलं तर माती मळणं, चिमटीनं मणी ओवणं, कपडे वाळत घालायचे चिमटे लावणं यातून पेन्सिल धरायची ताकद कशी येते ते तिच्या हातात चिमटा देऊन दाखवा. सगळे पालक ऐकतील असं नाही. काहीजण मूल काढून नेतात, आणि त्याचं मला आजही फार लागतं. त्या पालकांना दोष द्यावासा मात्र वाटत नाही. पहिलीच्या दारात त्यांना काय विचारलं जाणार आहे याची भीती त्यांनी स्वतः तयार केलेली नाही.

नोकरीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट, कारण हे कुणी सांगत नाही. खासगी बालवाडीत रुजू होताना मे महिन्याचा पगार मिळणार की नाही हे लेखी विचारा. साहित्यासाठी महिन्याला किती पैसे मिळतील आणि पावती कुणाला द्यायची, हेही. स्वतःच्या पगारातून कोपरे सजवायची सवय लागली की ती सुटत नाही, आणि शाळेला ती पटकन अंगवळणी पडते. माझा पहिल्या वर्षाचा बराचसा पगार असाच गेला.

कुठला कोर्स करू, हेही मुली विचारतात. ज्या कोर्समध्ये रोज सकाळी खऱ्या मुलांच्या वर्गात बसवून निरीक्षण लिहायला लावतात, तो करा. घराजवळ असेल तर उत्तम. ऑनलाइन कोर्स पूरक म्हणून ठीक, पण त्याच्या भरवशावर वर्ग घेऊ नका.

आणि जूनच्या आधी गोळा करायची माझी यादी, साधारण अशी: किराणा दुकानातून रिकामे पुठ्ठ्याचे खोके, शिंप्याकडून चिंध्या आणि रिळं, देवळातून नारळाच्या करवंट्या. सुताराकडून लाकडाचे तुकडे घ्या, पण घरी प्रत्येकाच्या कडा पॉलिश पेपरनं घासा आणि तळहात फिरवून बघा. भंगारवाल्याकडे दांडीचा जुना तराजू मिळाला तर सोडू नका, हल्ली दुर्मिळ झालाय. जुनी कॅलेंडरं, निमंत्रणपत्रिका, न चालणारा फोन (बॅटरी काढून), चष्म्याच्या बिनकाचेच्या फ्रेम्स, आजीची जुनी पर्स. पर्स तर हवीच. ती कुणाच्या तरी खांद्याला लागली की भातुकलीतलं माणूस घराबाहेर पडतं, बाजारात जातं, आणि मग तुम्हाला तराजू कुठे ठेवायचा ते कळतं.